एक, पण हिशोबातला नाही

अलिबागला आमच्या घरासमोर तेल्यांचं घर होतं. तेली म्हणजे शनवार तेली, बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घाणा मी काही पाहिला नाही, तो माझ्या आजीने पाहिला असेल, माझ्या वेळेला त्या घरात एक म्हातारी आणि तिचा नातू एवढेच उरले होते, बाकी सगळं खटलं कधीच इस्रायलला गेलेलं. आम्ही त्यांना समोरच्या आजी म्हणायचो. नऊवारी, कपाळ मोकळं, आणि बोलणं आमच्यापेक्षा अस्सल अलिबागी.

तेव्हा रात्रीचे लाईट हमखास जायचे आणि लाईट गेले की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे, कारण त्यांच्याकडे वारा यायचा. झोपायच्या आधी त्या उजवा हात डोळ्यांवर ठेवून काहीतरी म्हणायच्या. एकच ओळ, पण शेवटचा शब्द असा काही ताणायच्या की मला वाटायचं आता यांचा श्वास संपणार. ए-हाऽऽऽद. मी मनातल्या मनात आकडे मोजायचे, एकदा सातपर्यंत गेले होते. मग अगदी हळू, ओठातल्या ओठात अजून काहीतरी पुटपुटायच्या आणि हात खाली.

मी विचारलं, काय म्हणता हो? तर म्हणाल्या, देव एक आहे म्हणते. आणि मग हळू काय म्हणता? तर म्हणाल्या, ते हळूच म्हणायचं असतं. विषय संपला. लहान मुलांना कारणं द्यायची पद्धत तेव्हा नव्हती.

आता मी पुण्यात लोकांचे हिशोब लिहिते. जीएसटी, टीडीएस, मार्च आला की घरच्यांनी मला विसरून जायचं, असं ते काम. समोरच्या आजींचा नातूही पुढे तिकडे गेलाच, पण व्हॉट्सॅपवर आहे, मराठीतच टाईप करतो, आणि दोनेक वर्षांपूर्वी त्याने एका दुकानाच्या बिलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझ्या धंद्यातलं आहे बघ, इकडे पावतीला कब्बाला म्हणतात."

मी म्हटलं, कब्बाला म्हणजे ते ज्यू लोकांचं गूढ वगैरे असतं ते? तो म्हणाला, तेच. कब्बाला म्हणजे मिळालेलं, हाती आलेलं. गुरूकडून शिष्याला मिळालं तेही कब्बाला आणि दुकानदाराकडून गिऱ्हाइकाला मिळते तीही कब्बाला. आणि नंतर माझ्या लक्षात आलं की आपला 'कबूल' पण त्याच खाणीतला, अरबीतून आलेला, क-ब-ल हे मूळ हिब्रू आणि अरबीत सारखंच. म्हणजे आपण रोज भाजीवालीशी घासाघीस करून शेवटी जे म्हणतो त्यात हा शब्द आहे. मी त्या दिवशी एका क्लायंटचं रिटर्न बाजूला ठेवून वाचायला बसले ती अजून वाचतेच आहे.

आजी जी ओळ म्हणायच्या ती अशी: शमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद. ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्यातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं चौथं वचन. ज्यू माणूस दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, हे म्हणतो, आणि मरतानाही शक्य झालं तर हेच. बेने इस्राएलांची तर या ओळीशी वेगळीच कहाणी आहे. त्यांच्यात सांगतात की पूर्वज ज्या गलबतातून आले ते नवगावजवळ फुटलं, सात बाया आणि सात पुरुष वाचले, पोथ्या समुद्रात गेल्या. पिढ्यानपिढ्या गेल्या, हिब्रू विसरली, सण विसरले, आडनावं गावांवरून पडली, राजपूरकर, दिवेकर, पेणकर. उरलं काय तर शनिवारी घाणा बंद ठेवणं, मुलाची सुंता, खवले नसलेली मासळी न खाणं, आणि ही एक ओळ. बारसं असो, लग्न असो, मयत असो, येत होतं तेवढंच म्हणायचे, शमा. पुढे दाविद राहाबी नावाचा कोणी आला आणि बायकांपुढे मासळी टाकून त्यांनी खवल्यांची तेवढी वेगळी काढलेली बघून त्याला पटलं की हे आपलेच. ती गोष्ट सगळे सांगतात, पण मला ती ओळ जास्त भारी वाटते. सगळी लायब्ररी बुडाली आणि एक वाक्य पोहून किनाऱ्याला लागलं, आणि लोकांनी त्यावर शेकडो वर्षं काढली.

बरं, त्या वाक्यात आहे काय? एक. एवढंच?

तर कब्बाला वाचायला घेतली की कळतं की हा 'एक' काही सरळ नाहीये. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत या ओळीतली दोन अक्षरं बाकीच्यांपेक्षा मोठी लिहितात, 'शमा'मधलं शेवटचं आयिन आणि 'एहाद'मधलं शेवटचं दालेत. दोन्ही जोडली की 'एद', म्हणजे साक्षीदार. हे छानच आहे, पण मला दालेतची दुसरी गोष्ट आवडते. हिब्रूतलं दालेत आणि रेश ही अक्षरं जवळपास सारखी दिसतात, फरक म्हणजे दालेतच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला एक बारीकसं टोक बाहेर येतं आणि रेशचा कोपरा गोल असतो. ते टोक राहून गेलं तर 'एहाद'चं होतं 'अहेर', म्हणजे एक ऐवजी दुसरा. परमेश्वर एक याचं परमेश्वर दुसरा. लिहिणाऱ्याचा बोरू जरासा घसरला की झालं. माझ्या धंद्यात दशांशचिन्ह सरकलं तर काय होतं ते मला माहितीये, त्यामुळे त्या लेखनिकाच्या छातीतली धडधड मला कळू शकते.

मग आकडे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. एहाद म्हणजे आलेफ १, हेत ८, दालेत ४, बेरीज १३. अहावा, म्हणजे प्रेम, त्याचीही बेरीज १३. दोन्ही मिळून २६, आणि देवाचं जे चार अक्षरी नाव उच्चारायचं नसतं त्याची बेरीजही २६, १० आणि ५ आणि ६ आणि ५. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, टॅली होतंय. पण खरं सांगू का, मला यात फार राम वाटत नाही, आकडे जुळवून आणणं हे आमच्या लोकांना इतकं येतं की जुळलेला आकडा बघितला की मला आधी शंका येते. त्यापेक्षा तिथे एक ध्यान सांगितलंय ते बरं वाटतं: आलेफ म्हणजे तो एक, हेत म्हणजे सात आकाशं आणि एक पृथ्वी मिळून आठ, दालेत म्हणजे चार दिशा, आणि शब्द ताणत असताना मनाने त्याला या सगळ्याचा राजा करायचं. म्हणून तो शब्द ताणायचा. समोरच्या आजी सातपर्यंत कशाला पोचायच्या ते मला वयाच्या चाळिशीत कळलं. तालमूद म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या, जुन्या चर्चांचा ग्रंथ, त्यात यावर एक गंमत आहे, रब्बी यिर्मिया नावाचा एकजण हा शब्द फारच लांबवत बसायचा, तर त्याला सांगितलं गेलं की बाबा वर, खाली आणि चारी दिशांना त्याला राजा करून झालं की पुरे, आणखी गरज नाही. आणि त्याच तालमूदमधे रब्बी अकिवाही आहे. रोमनांनी लोखंडी फण्यांनी त्याची कातडी सोलली आणि तो 'एहाद' ताणत होता, ताणता ताणताच प्राण गेला. ही दोन्ही माणसं एकाच ग्रंथात आहेत, एका शब्दाच्या लांबीवरून.

आता खरी अडचण. कब्बालावाले म्हणतात देव एक, त्याचं नाव एन सोफ, म्हणजे ज्याला अंत नाही. हा शब्द तेराव्या शतकात फ्रान्समधल्या प्रोव्हान्स आणि स्पेनमधल्या हेरोना भागातल्या लोकांनी चालवला, आणि त्याच्याबद्दल काहीही बोलता येत नाही असंही तेच म्हणतात. आणि लगेच पुढच्या पानावर म्हणतात की त्याच्यातून दहा सफिरोत निघाल्या, म्हणजे त्याची दहा रूपं: केतेर, होख्मा, बिना, हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्झाख, होद, येसोद, मालखुत. मुकुट, शहाणपण, समज, दया, कठोरपणा, अशा करत करत राज्यापर्यंत. मग माणूस विचारणारच ना, एक की दहा? आणि विचारलंच. अब्राहाम अबुलाफिया, सारागोसाला १२४० साली जन्मलेला, स्वतःच मोठा गूढवादी, त्याने या लोकांना सरळ टोमणा मारला की ख्रिश्चन तीन म्हणतात, तुम्ही तर दहावर गेलात! घरातल्याच माणसाने हाणलेला हा टोला आहे आणि तो बरोबर जागी बसलाय.

त्याचं उत्तर त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने दिलं. सेफेर यत्सिरा नावाची एक फार जुनी, फार छोटी पोथी आहे, तिच्यात म्हटलंय की दहा, नऊ नाहीत, दहा, अकरा नाहीत (हे वाचून मला व्हाउचर चेक करताना आमचे साहेब आठवले), आणि पुढे म्हटलंय की ज्वाळा जशी निखाऱ्याला चिकटलेली असते तसा यांचा शेवट सुरुवातीला चिकटलेला आहे. चुलीपाशी बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. निखारा वेगळा, जाळ वेगळा, पण जाळ उचलून बाजूला ठेव बघू. मग सोळाव्या शतकात गालीलमधल्या सफेदला मोशे कोर्दोवेरो झाला, त्याने पाण्याचं उदाहरण दिलं. एकच पाणी वेगवेगळ्या रंगांच्या काचेच्या भांड्यांत भरलं की लाल दिसतं, हिरवं दिसतं, पाणी काही बदललेलं नसतं, रंग बघणाऱ्यासाठी. हे उदाहरण आपल्याला इतकं ओळखीचं वाटतं की वाचता वाचता आपण मान डोलवून पुढे जातो, आणि तिथेच फसतो, ते मी पुढे सांगते.

मला स्वतःला जे लागलं ते वेगळंच एक वाक्य. तिकुने हा-झोहार म्हणून ग्रंथ आहे, झोहारच्या कुटुंबातला. झोहार म्हणजे या सगळ्या परंपरेचा मेरूमणी, तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या कास्तीयमधे मोशे दे लेऑनच्या हातून बाहेर आला, भाषा आरामी, आणि लेखक म्हणून नाव कोणाचं तर हजारेक वर्षांपूर्वीच्या शिमोन बार योहायचं. तर त्या तिकुनेच्या सुरुवातीला एक उतारा आहे, 'पाताख एलियाहू', एलियाहूने तोंड उघडलं आणि म्हणाला. अनेक पूर्वेकडच्या ज्यूंमधे हा प्रार्थनेआधी म्हणतात. काय म्हणाला? "अंत हू हाद वेला बेहुशबान." तू एक आहेस, पण हुशबानातला नाहीस.

हुशबान! ह-श-ब. अरबीत ह-स-ब, हिसाब, आपला हिशोब. त्या उताऱ्यातलं हे वाक्य मला भाषांतराशिवाय कळलं, म्हणजे विचार करा, आरामी, जी मी आयुष्यात शिकले नाही. तू एक, पण हिशोबातला एक नाही. ज्याच्यानंतर दोन येतो तो एक नाही. मी वीस वर्षं खातेवह्यांत ज्या एकाशी झगडतेय तो, ज्यात एक मिळवला की दोन आणि वजा केला की शून्य, तो एक इथे चालत नाही. कुराणातही अगदी लहानशी एक सूरा आहे, ११२ वी, तिच्यात तोच शब्द, अहद. सेमिटिक भाषांचं हे एक घर आहे आणि त्यातलं सामानसुमान थोडंफार गलबतांतून आपल्याकडे आलंय, कोर्टात, बाजारात, वहीत, आणि आपल्याला पत्ता नाही.

आणि बोलणारा कोण? एलियाहू. आमच्या अलिबागचा एलियाहू! बेने इस्राएलांचा सगळ्यात लाडका पैगंबर, एलियाहू हन्नाबी. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक दाखवतात, तिथे त्याच्या रथाची खूण आहे म्हणतात. कोणाचा नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, मुलगा परदेशी निघाला की मलिदा करतात. भिजवलेले गोडाचे पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. समोरच्या आजींच्या मलिद्याचं एक ताट आमच्याकडे यायचं आणि माझी आजी, जी एरवी सोवळ्याची फार, ते मुकाट्याने वाटून द्यायची, पोह्यांना कसलं आलंय सोवळं म्हणायची. मला माहीत असलेला एलियाहू हा वेलचीच्या वासाचा आहे. तोच कास्तीयमधे बसून हे असलं वाक्य बोलत होता हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी ते पोहे जरा सावकाश खाल्ले असते.

सफेदला कोर्दोवेरो वारला १५७० साली आणि त्याच वर्षी तिथे यित्झाक लुरिया आला. दोन वर्षांत साथीत गेला, वय ३८. स्वतः जवळजवळ काही लिहिलं नाही, शिष्य हायिम विताल याने लिहून ठेवलं ते आपल्याला मिळालं. त्याने विचारलेला प्रश्न सोपा आहे: सगळीकडे तोच भरलेला होता तर जगाला जागा कुठून आली? उत्तर, त्सिमत्सुम. तो आक्रसला. मी हे कोणाला सांगायचं झालं तर म्हणते, मुंबईच्या लोकलमधे तीन माणसं बसलेली असतात आणि चौथा येऊन "जरा सरकून घ्या" म्हणतो ना, तसा देव सरकून बसला, आणि जी वीतभर जागा झाली त्यात हे सगळं विश्व. मग त्या जागेत प्रकाश आला, त्याची भांडी फुटली, ठिणग्या सगळीकडे उडाल्या, खरकट्यात, दगडात, माणसांत पडल्या, आणि आता माणसाचं काम म्हणजे एकेक उचलून परत द्यायची. याला तिकून म्हणतात, डागडुजी.

पण मग लगेच भांडण: खरोखर सरकला की आपल्याला तसं वाटतं? यावर अठराव्या शतकात पूर्व युरोपात डोकी फुटायची वेळ आली. हसीदी पंथाचा श्नेउर झाल्मान, लियादीचा, त्याचा तान्या हा ग्रंथ १७९६ साली छापला गेला. त्याचं म्हणणं, कुठे सरकलाय? सूर्याच्या गोळ्याच्या आतही किरण असतोच, पण तिथे त्याला किरण म्हणून कोण विचारतो. त्याच्या बाजूने बघितलं तर जग नाहीच. आपल्या बाजूने बघितलं तर जग आहे, आणि त्यात तो राजा आहे. पहिल्याला तो वरची एकता म्हणतो, दुसऱ्याला खालची. (दोन वह्या ठेवणं आमच्याकडे गुन्हा आहे, पण असो.) आणि योगायोग बघा, त्याच १७९६ साली मुंबईत मांडवीला सामुएल दिवेकरांनी बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, शार हारहमीम, दयेचं दार. बेने इस्राएल लोक त्याला मशीद म्हणायचे, आणि मस्जिद बंदरचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात.

तर ती खालची एकता कुठे येते? श्नेउर झाल्मान म्हणतो, वरची शमामधे, आणि खालची त्याच्यानंतर जे पुटपुटायचं असतं त्यात. बारूख शेम केवोद मालखुतो लेओलाम वाएद. त्याच्या राज्याचं वैभवी नाव सदासर्वकाळ धन्य असो.

हळूच म्हणायचं असतं ते हे!

का हळू, याचंही तालमूदमधे आहे. याकोब मरायला टेकला, बारा मुलं भोवती, त्याला भीती की यांच्यातला एखादा फुटलेला तर नाही. मुलांनी एका तोंडाने शमा म्हटलं. त्यावर बापाच्या तोंडून निघालं, बारूख शेम. आता पंचाईत, मोशेने तर हे वाक्य तोरात लिहिलेलं नाही, म्हणावं तर मोशेचा मान जातो, न म्हणावं तर याकोबाचा. म्हणून हळू म्हणायचं. आणि दाखला काय दिलाय तर एका राजकन्येला भांड्याच्या बुडाला लागलेल्या मसालेदार खरवडीचा वास आला. मागावी तर लाज, न मागावी तर जीव तळमळतोय, मग दासींनी गुपचूप आणून दिली. विश्वाच्या एकतेबद्दल बोलताना ज्यांना खरवड आठवते त्या लोकांवर माझा विश्वास बसतो.

आता ते अद्वैत. हे कोणालाही सांगितलं की दोन मिनिटांत उत्तर येतं, अगं हे तर आपलंच, सगळं एकच आहे. मीही आधी तसंच म्हणायचे. आणि साम्य आहेच, काचेच्या भांड्यातलं पाणी, सूर्य आणि किरण, आणि ज्ञानदेवांच्या अमृतानुभवाची सुरुवात तर एका जोडप्याला, शिव-शक्तीला नमस्कार करून होते आणि इकडे झोहारमधेही देव आणि त्याची शेखिना, म्हणजे जगात वसणारं त्याचं स्त्रीरूप, ताटातूट झालेलं जोडपंच. पण शंकराचार्यांकडे एक आहेच, फक्त तुम्हाला दिसत नाहीये, अज्ञान गेलं की झालं, करून काही मिळत नाही. लुरियाकडे ते तुटलंय. म्हणून तिथला शब्द यिहूद, एकपणा असा नाही, तर एक करणं. कृती आहे ती. साधी मेणबत्ती लावायची तरी आधी म्हणायचं, त्या पवित्राच्या आणि त्याच्या शेखिनाच्या मीलनासाठी मी हे करतो. यावरूनही भांडण, प्रागचे यहेज्केल लांदाऊ चिडले की हे काय नवीन खूळ, जो उठतो तो देवाला जोडायला निघालाय. मला लांदाऊंचाही राग पटतो आणि ते वाक्यही. कारण 'सगळं एकच' म्हणणं फार स्वस्त पडतं, त्यात समोरच्या माणसाचं वेगळेपण, त्याची मासळी, त्याचा शनिवार, सगळं पुसून टाकता येतं आणि वर मोठं मन दाखवता येतं. समोरच्या आजींनी कधी सगळं एकच म्हटलेलं मला आठवत नाही. आमच्या गणपतीचा मोदक त्या घ्यायच्या नाहीत, पण नारळ स्वतः आणून द्यायच्या.

पुण्याचाही यात एक छोटासा वाटा आहे आणि तो कोणाला माहीत नसतो म्हणून सांगते. १८८७ साली इथे पुण्यात अब्राहाम दाविद एझेकिएल नावाच्या बगदादी ज्यूने झोहारमधला इद्रा झूता हा भाग, शिमोन बार योहायचं मरतेवेळचं प्रवचन, अरबीत भाषांतर करून हिब्रू अक्षरांत छापला. हा गृहस्थ थिऑसॉफिस्ट. बगदादच्या रब्बींना हे अजिबात रुचलं नाही, रहस्य असं बोलीभाषेत बाजारात आणायचं म्हणजे काय! मी कॅम्पात लाल देवळावरून, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिरावरून जाते, ते १८६७ चं, तेव्हा डोक्यात येतं की इथेच कुठेतरी ती पानं वाळत घातली असतील.

गेल्या मे महिन्यात अलिबागला गेले होते. समोरचं घर विकून झालं, आता तिथे भाडेकरू आहेत, ग्रिल बसवलंय, पिवळा ऑइलपेंट मारलाय. दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, पूर्वी मेझुझा होती, बोटाएवढी डबी, आत चामड्याच्या कागदावर हीच ओळ. जाता येता आजी तिला हात लावून बोटं ओठांना लावायच्या. निघताना नातवाने ती काढून नेली, तशी रीतच आहे. दोन भोकं राहिलीत, एकाखाली एक, रंग आत गेलाय तरी दिसतात. वरच्या भोकात भाडेकरू बाईंनी खिळा ठोकलाय आणि स्कूटीची चावी अडकवलीये.

मी बघत होते तर त्या म्हणाल्या, आधीचीच भोकं होती हो, म्हटलं कशाला वाया घालवा. मी फोटो काढून नातवाला पाठवला. त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. त्याने एक हसणारं तोंड पाठवलं, आणि मग बऱ्याच वेळाने विचारलं, बाहेर पडताना हात लागतो का त्यांचा तिथे?

लागतो, मी लिहिलं. चावी घ्यायला.